स्कोपच्या बाहेरची माणसं

आयटीतल्या माणसांसमोर धर्माचा विषय काढला की सगळे एकदम मोबाईलमध्ये बघायला लागतात. त्यातून ख्रिस्ती धर्म म्हटलं की आपल्याकडे फक्त दोनच गोष्टी आठवतात, एक नाताळचा केक आणि दुसरं म्हणजे धर्मांतर. तरी या वीकेंडला मी तोच विषय घेतोय. कारण साधं आहे. आपल्या ऑफिसच्या भिंतीवर जे चकचकीत अक्षरांत लिहिलेलं असतं, त्यातलं बरंचसं चर्चच्या दारातून आलंय आणि इंडक्शनच्या तीन दिवसांत हे आपल्याला कुणीही सांगत नाही.

म्हणजे बघा, कंपनीला 'मिशन' असतं. प्रॉडक्टला 'इव्हँजेलिस्ट' असतो, म्हणजे शब्दशः शुभवर्तमान सांगत फिरणारा. अॅपलने ऐंशीच्या दशकात मॅकिंटॉशचा प्रचार करायला गाय कावासाकी यांच्यासारखी माणसं नेमली, तेव्हापासून हा शब्द आपल्या धंद्यात रुळला. आपला स्क्रम मास्टर 'सर्व्हंट लीडर' असतो. ही संज्ञा रॉबर्ट ग्रीनलीफ यांनी १९७० च्या एका निबंधात मांडली. गृहस्थ एटी अँड टीमध्ये आयुष्य काढलेले आणि पंथाने क्वेकर. कल्पना हर्मन हेसेच्या कादंबरीवरून सुचली असं ते सांगत, पण शिष्यांचे पाय धुणारा गुरू हे चित्र त्याच्या एकोणीसशे वर्षं आधीचं आहे. (स्क्रम गाइडने २०२० च्या आवृत्तीत हा शब्द काढून टाकला. आमच्या टीममध्ये कुणाच्या लक्षातही आलं नाही, कारण मुळात कुणी पाय धूत नव्हतंच.)

आणि सगळ्यात भारी शब्द म्हणजे 'टॅलेंट'. एचआरमध्ये जी टॅलेंट अॅक्विझिशन टीम बसते, तिला हा शब्द मत्तयच्या शुभवर्तमानातून मिळालाय. टॅलेंट हे मुळात पैशाचं माप. एक टॅलेंट म्हणजे मजुराची साधारण वीस वर्षांची कमाई. येशूच्या दाखल्यात एक मालक परगावी जाताना तीन नोकरांकडे पाच, दोन आणि एक टॅलेंट सोपवून जातो. पहिले दोघं ते धंद्याला लावून दुप्पट करतात. तिसरा घाबरून जमिनीत पुरून ठेवतो. मालक परत आल्यावर पहिल्या दोघांचं कौतुक होतं आणि तिसऱ्याचं जे होतं ते आपल्याकडे अप्रेझलमध्ये होतं. या दाखल्यावरूनच इंग्रजीत टॅलेंट म्हणजे अंगची कुवत असा अर्थ रूढ झाला.

मी मिशनच्या शाळेत शिकलो. ख्रिस्ती नाही, पण सकाळच्या मूल्यशिक्षणाच्या तासाला हे दाखले इतक्या वेळा ऐकलेत की शुभंकरोतीइतके पाठ आहेत. त्यामुळे नंतर एका लीडरशिप ट्रेनिंगमध्ये हाच दाखला पीपीटीवर आला तेव्हा मला मजा वाटली. ट्रेनर रंगात येऊन सांगत होता, रिस्क घ्या, कंफर्ट झोन सोडा, पुरून ठेवू नका. पुढची स्लाइड 'ग्रोथ माइंडसेट'. मला वाटलं, अरे, थांब की! हा दाखला आहे पंचविसाव्या अध्यायात, आणि तो अध्याय इथे संपत नाही. लगेच पुढे शेवटच्या न्यायाचं वर्णन येतं. तिथे कुणाला किती टॅलेंट मिळाले आणि त्याचे किती झाले हे विचारलंच जात नाही. विचारलं जातं ते हे की भुकेल्याला खायला दिलंस का, तहानलेल्याला पाणी दिलंस का, परक्याला घरात घेतलंस का. ज्यांनी दिलं नाही ते बिचारे प्रामाणिकपणे गोंधळून विचारतात, आम्हाला तू भुकेला कधी दिसलास? म्हणजे त्यांच्या मते त्यांनी काही वाईट केलेलंच नसतं. त्यांना फक्त तो माणूस दिसलेला नसतो.

कॉर्पोरेट जगाने अध्यायाचा पहिला भाग उचलला आणि दुसरा वगळला. माझा सगळा मुद्दा खरं तर एवढाच आहे, पण तो करमाडशिवाय सांगता येत नाही.

करमाड माझं गाव. जालना रोडवर, शहरापासून वीस-पंचवीस किलोमीटर. ज्यांनी नाव ऐकलं नसेल त्यांनी शेंद्रा एमआयडीसी ऐकलं असेल, स्कोडाच्या गाड्यांमुळे. २००१ च्या सुमारास स्कोडा आली आणि आमच्या पट्ट्यातल्या पोरांना पहिल्यांदा कळलं की कंपनीची बस घरापर्यंत घ्यायला येते. नंतर दिल्ली-मुंबई इंडस्ट्रियल कॉरिडॉर आला, आमच्याकडच्या गावांच्या जमिनी त्यात गेल्या आणि त्याचं 'ऑरिक' झालं. सप्टेंबर २०१९ मध्ये ऑरिक हॉलचं उद्घाटन पंतप्रधानांच्या हस्ते झालं. कुणाच्या दारात फॉर्च्युनर आली, कुणाच्या घरात वाटणीवरून कोर्टकज्जे आले, कुणाच्या दोन्ही. हा वेगळा विषय आहे, त्यावर कधीतरी लिहीन.

पण देशाला करमाड हे नाव कळलं ते ऑरिकमुळे नाही. ८ मे २०२० ला कळलं.

लॉकडाऊन सुरू होऊन सहा आठवडे झाले होते. जालन्याच्या एका स्टील कारखान्यात काम करणारे वीस मजूर ७ मेच्या संध्याकाळी पायी निघाले. घरं मध्य प्रदेशात, शहडोल आणि उमरिया जिल्ह्यांत. भुसावळपर्यंत चालायचं, तिथून एखादी श्रमिक स्पेशल मिळेल ही आशा. रस्त्यावर पोलीस अडवतात म्हणून रुळांवरून चालले. चाळीसेक किलोमीटर चालल्यावर बदनापूर आणि करमाड स्टेशनांच्या मध्ये, सटाणा शिवारात, रात्री थकून बसले. काही जण रुळांवरच झोपले. गाड्या बंद आहेत अशीच तेव्हा सगळ्या देशाची समजूत होती. पहाटे सव्वापाचच्या सुमारास मनमाडच्या दिशेने जाणारी मालगाडी आली. सोळा जण गेले. नंतरच्या फोटोंत रुळांवर पसरलेल्या भाकऱ्या-पोळ्या होत्या. तो फोटो तुम्ही पाहिलाय. सगळ्यांनी पाहिलाय.

आठवडाभराने सर्वोच्च न्यायालयापुढे स्थलांतरितांबद्दल एक याचिका आली. ती ऐकायला नकार देताना न्यायालयाने विचारलं की लोक रुळांवर झोपले तर ते कुणी कसं थांबवणार. प्रश्न तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे. आपण बग ट्रॅकरमध्ये 'वर्क्स अॅज डिझाइन्ड' लिहून तिकीट बंद करतो, तितकाच बरोबर.

इथे मी त्या विशिष्ट कारखान्याचा किंवा कोणा एका माणसाचा न्याय करायला बसलेलो नाही. तो माझा अधिकार नाही. मला दिसतेय ती व्यवस्था, आणि ती फक्त जालन्याची नाही. जालन्याला 'सोन्याचा पाळणा' म्हणतात. सळया वितळवणारे, लाटणारे कारखाने तिथे ओळीने आहेत आणि भट्टीसमोरचं काम करायला परप्रांतातून माणसं येतात, कारण त्या उष्णतेत स्थानिक पोरगा टिकत नाही किंवा त्या पैशात टिकायला तयार नाही. अशा उद्योगांत बरेचदा मध्ये ठेकेदार असतो. ठेकेदाराच्या मागे मुकादम. मुकादमाच्या मागे गावाकडचा नातेवाईक. चार पायऱ्या उतरल्यावर जो माणूस भट्टीसमोर उभा असतो तो कंपनीच्या कुठल्याच रजिस्टरमध्ये सरळ सापडत नाही. आपल्या भाषेत, चार लेव्हलची इनडायरेक्शन. आणि आपल्याला माहीतच आहे की इनडायरेक्शन वाढवली की जबाबदारी नक्की कुठल्या लेयरची हे कुणालाच सांगता येत नाही.

कायद्याला हे दिसत नव्हतं असं नाही. १९७० चा कंत्राटी कामगार कायदा सांगत होता की ठेकेदाराने मजुरी दिली नाही तर मूळ मालकाने द्यायची. १९७९ चा आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायदा तर प्रवासभत्ता द्या म्हणत होता, घरी जायच्या वाटेसकट. २०२० च्या मे महिन्यात हे दोन्ही कायदे पुस्तकात जिवंत होते. २९ मार्चला केंद्राने आदेश काढला की लॉकडाऊनमध्ये मजुरी कापू नका. उद्योग कोर्टात गेले आणि मेच्या मध्यावर तो आदेश मागेही घेतला गेला.

आणि आता एक मजेशीर कागद. मजेशीर म्हणजे हसायचा नाही. कंपनी कायद्याच्या १३५ व्या कलमाने मोठ्या कंपन्यांना नफ्याच्या दोन टक्के सीएसआरवर खर्च करावे लागतात. मार्च २०२० च्या शेवटी सरकारने सांगितलं की पीएम केअर्सला दिलेली देणगी सीएसआरमध्ये धरली जाईल. मग कंपन्यांनी विचारलं, लॉकडाऊनमध्ये आम्ही कामगारांना दिलेला पगार धरता येईल का? १० एप्रिलच्या परिपत्रकात मंत्रालयाने उत्तर दिलं, नाही. पगार देणं ही तुमची नैतिक जबाबदारी आहे. रोजंदारी आणि हंगामी मजुरांचंही तसंच. ते कर्तव्य आहे, दानधर्म नाही.

मला हे परिपत्रक फार आवडतं. एखाद्या सरकारी बाबूने नकळत बायबलमधला मुद्दा फाइलवर लिहिलाय. पण त्याचा व्यवहारातला परिणाम बघा. दूरच्या निधीला दिलेला रुपया हिशोबात धरला जातो, फोटोसकट. दारातल्या मजुराला दिलेला रुपया धरला जात नाही, कारण ते कर्तव्य. कर्तव्याला ना फोटो, ना स्लाइड, ना अॅन्युअल रिपोर्टमधलं रंगीत पान.

ख्रिस्ती नीतीमध्ये मजुरीचा विषय आश्चर्य वाटेल इतका तपशीलवार आहे. जुन्या करारात नियमच आहे की मजुराची मजुरी सूर्य मावळायच्या आत द्यायची, रात्रभर आपल्याजवळ ठेवायची नाही. कारणही दिलंय, तो गरीब आहे आणि त्याचा जीव त्या पैशात अडकलेला आहे. आणि पुढे खास उल्लेख आहे की मजूर आपल्यातला असो की परका, नियम एकच. नव्या करारातल्या याकोबाच्या पत्रात तर थकवलेली मजुरीच ओरडते, मालकाच्या विरुद्ध. मुसलमानांमध्ये घाम वाळायच्या आत मजुरी द्या म्हणतात, तेही याच गोत्रातलं. आमच्याकडे गावात सालगड्याचा हिशोब पाडव्याला होतो. त्या पद्धतीत छळ कमी नव्हता, उगाच गोडवे गायचे कारण नाही. पण निदान सालगडी आजारी पडला तर तो कुणाचा सालगडी हे अख्ख्या गावाला माहीत असायचं.

आता याच्या शेजारी आपला व्यवहार ठेवा. नेट ९० डेज. शेंद्र्यात, वाळूजमध्ये मोठ्या कंपन्यांना पार्ट पुरवणारी लहान लहान वर्कशॉप आहेत, दहा-पंधरा माणसांची. त्यांचं बिल तीन-तीन महिने अडकतं आणि तोवर मालक व्याजाने पैसे आणून पगार करतो किंवा करत नाही. लहान उद्योगांना ४५ दिवसांत पैसे द्या असं २००६ चा कायदा सांगतो. वर्षानुवर्षं कुणी मनावर घेतलं नाही. शेवटी आयकर कायद्यात ४३बी(एच) हे कलम आलं आणि एप्रिल २०२४ पासून असं झालं की सूक्ष्म-लघु उद्योगांचे पैसे वेळेत दिले नाहीत तर तो खर्च त्या वर्षी वजावटीत धरता येत नाही. लगेच अकाउंट्स डिपार्टमेंटांत धावाधाव. 'इंटेग्रिटी' भिंतीवर वीस वर्षं होती, पण काम केलं ते करसवलतीने. (आणि काही मोठ्या गिऱ्हाइकांनी लहान पुरवठादार सोडून कायद्याच्या कक्षेत न येणारे शोधायला सुरुवात केली अशी तक्रारही ऐकू आली. सूर्यास्ताचा नियम आला म्हणून मजूरच बदलायचा!)

भिंतीवरच्या मूल्यांचा सगळ्यात मोठा नमुना आपल्या महाराष्ट्रात होऊन गेलाय. तो म्हणजे एन्रॉन. तरुण वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. गुहागर तालुक्यात दाभोळचा वीज प्रकल्प, डिसेंबर १९९३ चा वीजखरेदी करार, १९९५ मध्ये युती सरकारने तो रद्द केला, पुन्हा वाटाघाटी, १९९९ मध्ये पहिला टप्पा सुरू, २००१ मध्ये वीज मंडळाने महाग वीज घेणं थांबवलं आणि त्याच वर्षी २ डिसेंबरला अमेरिकेत एन्रॉनने दिवाळखोरी जाहीर केली. एन्रॉनची चार मूल्यं होती, आदर, सचोटी, संवाद आणि उत्कृष्टता. त्यातल्या 'आदर'च्या खाली पहिलंच वाक्य अशा अर्थाचं होतं की आपल्याशी जसं वागलेलं आपल्याला आवडेल तसंच आम्ही इतरांशी वागू. हा थेट येशूचा सुवर्णनियम. मत्तयचाच, सातवा अध्याय. अध्यक्ष केनेथ ले हे बाप्टिस्ट धर्मोपदेशकाचे चिरंजीव, स्वतः चर्चला जाणारे. जुलै २००० मध्ये त्यांच्या नावाच्या प्रस्तावनेसह चौसष्ट पानांची आचारसंहिता कर्मचाऱ्यांना वाटली गेली. पुढे तिची एक प्रत संग्रहालयात गेली.

आणि वेलदूर? ३ जून १९९७ च्या पहाटे पोलिसांनी वेलदूरच्या कोळीवाड्यात शिरून प्रकल्पाला विरोध करणाऱ्यांच्या घरातल्या बायकांना मारहाण केली, ओढून नेलं. अॅम्नेस्टीने आणि १९९९ मध्ये ह्यूमन राइट्स वॉचने यावर अहवाल दिले. दुसऱ्या अहवालातली बोचणारी गोष्ट अशी की तिथे तैनात केलेल्या पोलिसांचा खर्च कंपनी देत होती. मारणारे हात सरकारी, बिल कंपनीचं. ह्यूस्टनमधून विचारलं तर उत्तर तयार, कायदा-सुव्यवस्था हा राज्याचा विषय आहे. आउट ऑफ स्कोप.

मला केनेथ ले ढोंगी होते असं म्हणणं फार सोपं वाटतं, आणि सोपं वाटतं म्हणूनच ते अपुरं वाटतं. माणूस रविवारी चर्चमध्ये मनापासून हात जोडत असणार. सुवर्णनियमही त्याला मनापासून पटत असणार. फक्त त्या वाक्यातले 'इतर' म्हणजे नक्की कोण, ही व्याख्या करताना वेलदूरची कोळीण त्यात आली नाही.

याचं आणखी चांगलं, म्हणजे जास्त त्रासदायक उदाहरण म्हणजे कॅडबरी. कारण ते लोक खरोखर चांगले होते. क्वेकर कुटुंब. बर्मिंगहॅमबाहेर बोर्नव्हिल वसवलं, कामगारांसाठी घरं, बागा, खेळाची मैदानं, त्या काळात कुणी स्वप्नातही आणलं नसतं असं. आणि त्याच चॉकलेटचा कोको साओ टोमे या पोर्तुगीज बेटावरून येत होता, जिथले मजूर नावाला करारबद्ध आणि प्रत्यक्षात गुलाम होते. १९०१ मध्ये ही कुणकुण कंपनीच्या कानावर आली. खरेदी थांबली १९०९ मध्ये. मधली आठ वर्षं चौकशी, प्रतिनिधी पाठवणं, सरकारशी पत्रव्यवहार. एका वर्तमानपत्राने यावर लिहिलं तेव्हा कॅडबरींनी बदनामीचा दावा लावला आणि जिंकला. ज्युरीने नुकसानभरपाई दिली एक फार्दिंग, म्हणजे पेनीचा चौथा भाग. आपल्याकडचा सव्वा रुपया समजा. ज्युरीला जे म्हणायचं होतं ते तिने बरोबर म्हटलं.

बोर्नव्हिल आणि साओ टोमे. हिंजवडीतल्या कुठल्याही कॅम्पसमध्ये हे दोन्ही एकाच आवारात असतात. एकीकडे क्रेश, जिम, मेंटल हेल्थची हेल्पलाइन. दुसरीकडे निळ्या गणवेशातल्या मावशी, ज्यांचा आयडी कार्डाचा दोराच वेगळ्या रंगाचा असतो. एप्रिल २०२० मध्ये आम्हाला घरी खुर्ची आणि वायफायसाठी पैसे मिळाले, आणि ते छानच झालं. मी तेव्हाच्या कंपनीत एका ऑनलाइन टाउन हॉलमध्ये विचारलं की हाउसकीपिंगच्या लोकांचं काय. उत्तर आलं, तो व्हेंडर लेव्हलला मॅनेज होतोय. चॅटमध्ये चार टाळ्यांचे इमोजी आले. बहुतेक आधीच्या प्रश्नासाठी असतील.

तर 'इतर म्हणजे कोण'. हा प्रश्न येशूलाच एका शास्त्र्याने विचारला होता. लूकच्या दहाव्या अध्यायात आहे. शेजाऱ्यावर प्रेम कर, हा नियम त्याला पाठ होता. त्याने विचारलं, माझा शेजारी कोण? मला हा प्रश्न बायबलमधला सगळ्यात इंजिनियरी प्रश्न वाटतो. रिक्वायरमेंट मान्य, पण स्कोप सांगा. उत्तरात चांगल्या शोमरोन्याची गोष्ट येते. वाटेत लुटला गेलेला, अर्धमेला माणूस पडलाय. याजक बाजूने निघून जातो, लेवीही निघून जातो. परक्या, तुच्छ मानलेल्या जमातीचा शोमरोनी थांबतो. ही गोष्ट शाळेत दयेची म्हणून शिकवतात. पण मोठेपणी मला त्यातले दोन तपशील जास्त महत्त्वाचे वाटायला लागले. एक, शोमरोनी त्याला खाणावळीत नेतो, मालकाला दोन दिनार देतो आणि म्हणतो की यापेक्षा जास्त खर्च झाला तर परत येताना देईन. म्हणजे कॅप नाही. कुठलाही लीगल विभाग असला क्लॉज मंजूर करणार नाही. दुसरा तपशील, शेवटी येशू प्रश्नच उलटा करतो. तुझा शेजारी कोण हे तो सांगत नाही, त्या जखमी माणसाचा शेजारी कोण ठरला, असं विचारतो. स्कोप ठरवायचा अधिकार शास्त्र्याकडून काढून रस्त्यात पडलेल्या माणसाला देऊन टाकतो.

करमाडच्या रुळांवरून बघितलं तर आपल्या ऑर्ग चार्टचं काय होतं, विचार करा. ती सळई कुणाच्या पुलात, कुणाच्या टॉवरमध्ये गेली असेल?

इथे हमखास येणारा आक्षेप मला ऐकू येतोय. कंपनी म्हणजे चर्च नाही. मिल्टन फ्रीडमननी १९७० मध्येच लिहून ठेवलंय की नियमांत राहून नफा कमावणं हीच धंद्याची सामाजिक जबाबदारी. (गंमत म्हणजे ग्रीनलीफचा निबंध आणि फ्रीडमनचा लेख एकाच वर्षातले. आपण पहिला पीपीटीत ठेवला आणि दुसरा बॅलन्सशीटमध्ये.) फ्रीडमनचं मला एक पटतं, तो निदान सरळ बोलतो. नफ्यासाठी आहोत म्हणणाऱ्याशी मजुराला करार तरी करता येतो. 'वी आर अ फॅमिली' म्हणणाऱ्याशी काय करार करणार? माझा आक्षेप कंपनी ख्रिस्ती नाही याला नाहीच. तिने ती उसनी भाषा वापरून मग निम्म्या वाक्यावर थांबू नये, एवढंच.

आणि चर्चवाल्यांनाही यातून सूट नाही. मिशनच्या संस्थांमध्ये विनाअनुदानित तुकडीवर राबणाऱ्या शिक्षकांना जाऊन विचारा, सूर्यास्ताचा नियम त्यांना लागू आहे का. पण आमच्या भागात एक जुनं उदाहरण आहे जे मला हाताला धरून ठेवतं. रेव्हरंड नारायण शेषाद्री. जन्माने ब्राह्मण, १८४३ मध्ये मुंबईत ख्रिस्ती झालेले. (त्यांचे धाकटे भाऊ श्रीपत यांना परत धर्मात घेण्यावरून बाळशास्त्री जांभेकरांनी जे वादळ अंगावर घेतलं ते हेच प्रकरण.) पुढे ते जालन्याला आले आणि तिथून जवळच हैदराबाद संस्थानाकडून मिळालेल्या जमिनीवर त्यांनी बेथेल नावाचं गाव वसवलं. येणारे बहुतेक अस्पृश्य ठरवलेल्या जातींतले. त्यांना नुसता बाप्तिस्मा देऊन घरी पाठवलं तर गाव त्यांना विहिरीवर येऊ देणार नाही, कामावर ठेवणार नाही, हे या माणसाला कळत होतं. म्हणून प्रार्थनेबरोबर जमीन आणि काम. त्या प्रयोगावर टीका करता येईल, मिशनचे हेतू तपासता येतील, जरूर तपासावेत. पण त्यात 'व्हेंडर लेव्हलला मॅनेज होतंय' नव्हतं. आणि हे सगळं त्याच जालन्याजवळ, जिथून ते वीस जण निघाले.

कॅथलिक बाजूला १८९१ मध्ये पोप लिओ तेरावे यांनी कामगारांच्या प्रश्नावर 'रेरम नोव्हारम' हे परिपत्रक काढलं. त्यात एक कळीचा मुद्दा आहे. मजुराने नाइलाजाने कमी मजुरी कबूल केली असली तरी तेवढ्याने ती न्याय्य ठरत नाही, कारण पोटासाठी केलेली कबुली ही मोकळी कबुली नसते. 'दोन्ही पार्ट्यांनी सही केली आहे' या आपल्या आवडत्या युक्तिवादाला हे एकशे तीस वर्षांपूर्वीचं उत्तर. सध्याच्या पोपनी लिओ हे नाव घेतलं ते याच कारणाने, असं त्यांनी स्वतः सांगितलंय. तेव्हा औद्योगिक क्रांती होती, आता कृत्रिम बुद्धिमत्ता आहे, माणसाच्या श्रमाचं आणि प्रतिष्ठेचं पुन्हा तसंच काहीतरी व्हायला निघालंय, अशी त्यांची मांडणी. म्हणजे विषय भट्टीवरून उठून थेट आपल्या क्युबिकलमध्ये आला. आजवर स्कोप आखणारे आपण होतो. आता आपल्याबद्दलही कुणीतरी एक्सेलमध्ये 'बेंच' नावाचा कॉलम फिल्टर करतंय आणि मग अचानक आपल्याला शेजारधर्म आठवतो. योगायोग बघा, या पोपची निवड झाली ती तारीख ८ मे. २०२५ ची. करमाडला त्या दिवशी बरोबर पाच वर्षं झाली होती.

दिवाळीला गावी गेलो होतो तेव्हा शेंद्र्यातला एक वर्कशॉपवाला मित्र भेटला. सोळा कामगार आहेत त्याच्याकडे, सहा बिहारचे. लॉकडाऊनमध्ये काय केलं होतंस, विचारलं. म्हणाला, "काय करणार, शेडमध्येच ठेवलं सगळ्यांना. आई दोन्ही वेळचं भाकरी-कालवण करून पाठवायची. गिऱ्हाइकाकडे बिल अडकलं होतं चार लाखांचं, म्हणून पगार अर्धाच देता आला. उरलेला दिवाळीत दिला." तुझ्या वर्कशॉपची व्हॅल्यूज काय, असं गमतीने विचारलं तर म्हणाला, "आयएसओच्या ऑडिटला लावलाय की बोर्ड. इंग्रजीत आहे, काय लिहिलंय ते बघून सांगतो."

बिलाचे चार लाख त्याला कधी मिळाले हेही विचारलं मी. मार्चमध्ये. पुढच्या वर्षीच्या.